टोंगाची मुद्रणप्रत

१

दुपारी दोन ते चार आमच्या घरी कोणी येत नसे. वीस वर्षांत सगळ्या गल्लीला ते पाठ झालं होतं. त्या वेळात मी सांगायचो आणि माझी बायको शुभदा लिहायची.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून एका मराठी कोशासाठी नोंदी लिहीत होतो: राज्यं, राजवंश, तह, बंडं, जे संपादक पाठवतील ते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे छापखान्याकडे जाणारी शेवटची स्वच्छ प्रत, आम्ही तिला मुद्रणप्रत म्हणतो, ती पहिल्यापासून शुभदाच्या हातची. संपादकांनी मला कधी पाहिलेलं नाही. त्यांना फक्त तिचं अक्षर माहीत. हे मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो आणि आतून थोडा जळायचो. जळण्यासारखंच होतं ते अक्षर.

२००६ च्या ऑगस्टअखेर माझ्या वाट्याला टोंगा आलं. पॅसिफिक महासागरातलं राज्य, पावणेदोनशेच्या आसपास बेटं आणि अख्ख्या देशात माणसं आमच्या यवतमाळ शहराएवढी. शब्दमर्यादा बाराशे.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचं नाव रोज दिल्लीपर्यंत जात होतं. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक चौकट असे, तिच्यात जिल्ह्यातल्या आत्महत्यांचा आकडा. चहाबरोबर तो आकडा बघायचा आणि पान उलटायचं, अशी सवय आम्हा सगळ्यांना लागली होती. मलाही. मी पान उलटून टोंगाकडे वळायचो.

२

घरामागे कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचं आवार आहे. दोन हंगाम ते बंद होतं. यंत्रं गप्प, पत्रे उडालेले, पण कोपऱ्यातल्या खोलीत जमनाबाई राहायची. आर्णीकडच्या तांड्यावरची बाई. आधी शेतात कापूस वेचायची, मग जिनात सरकी झाडायला लागली, आणि जिन बंद झाल्यावर कुठे जायचं हे तिला कोणी सांगितलं नाही म्हणून तिथेच राहिली.

दहा सप्टेंबरचा रविवार होता. पितृपक्ष लागलेला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या इंदूबाई मागच्या दाराने धापा टाकत आल्या.

"बाई, जमनाबाई गेली. रात्रीच गेलती वाटते. बाया जमल्या, पण कोणीच हात लावून नाही राह्यलं."

"का?"

"आंगाले सारा कापूस चिकटला हाय. मले बी भ्याव वाटलं. खोटं कायले बोलू?"

शुभदा उठली. गल्लीत कुठल्याही बाईला शेवटची आंघोळ घालायला तिलाच बोलावत, तीस वर्षं. पदर खोचून ती मागच्या दाराने गेली, हातात आमचाच तांब्या घेऊन.

ती परत आली तेव्हा एक वाजून गेला होता. बाहेरच्या मोरीत तिने डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले, पानावर येऊन बसली. आणि नुसतीच बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर.

"जेव की," मी म्हटलं.

"भरवा."

"दमलीस का?"

"पुरी नाही झाली तिची आंघोळ. शववाहिनीचा ड्रायव्हर बाहेरून ओरडत होता, उरका, उरका. कितीही पाणी घातलं तरी कापूस निघेना. तसंच उचललं तिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शंभर दिवस तुम्हाला भरवावं लागेल. मी हात नाही लावायचा कशाला."

मला वाटलं, धक्का बसलाय, निजून उठली की ठीक होईल. मी वरणभात कालवला आणि तिला भरवला. लग्नातल्या घासानंतर अडतीस वर्षांनी दुसरा घास. मला जरा लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

३

अठरा तारखेला पोस्टमन मुंबईहून मागवलेल्या संदर्भांच्या झेरॉक्सचं पाकीट देऊन गेला. दरम्यान टोंगाचा राजा वारल्याची चार ओळींची बातमी नवव्या पानावर येऊन गेली होती. नोंदीत आता त्याचा शेवट घालावा लागणार म्हणून मी आधी राजघराण्याच्या अंत्यविधीचीच पानं काढली.

तिथे लिहिलं होतं: राजाच्या देहाला हात लावायचा अधिकार ठरावीक घराण्यातल्या माणसांचा. ज्याने हात लावला त्याचे हात पवित्र होतात, त्यांना निमा तापू म्हणतात. पुढचे शंभर दिवस त्या हातांनी दुसरं काही करायचं नाही. जेवायचं असेल तर दुसऱ्याने भरवायचं.

मी ते पान तीनदा वाचलं. मग पाकिटावरचा शिक्का बघितला. चौदा सप्टेंबर. पाकीट मुंबईहून निघालं त्याच्या चार दिवस आधीच शुभदाने मला शंभराचा आकडा सांगितला होता.

मी इतिहासाचा माणूस आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत आलो की दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे. मी कारणं काढायला बसलो. कदाचित पूर्वी कधी वाचलं असेल तिने. टीव्हीवर दाखवलं असेल. कदाचित मीच बोललो असेन आणि विसरलो असेन. ही तिन्ही कारणं मला पटली, आणि तरी ते पान मी तिच्यासमोर काढलं नाही.

"काय आलंय पाकिटात?" तिने आतून विचारलं.

"काही नाही. तहनामे आहेत," मी म्हटलं.

४

डॉक्टरांनी हात दाबून, टोचून, हातोडीने ठोकून पाहिले. नसा ठीक, रक्त ठीक, सांधे ठीक. "मनाचं आहे सर, वेळ द्या," असं म्हणून त्यांनी झोपेची गोळी दिली. मी वेळ दिला. दुसरं काय देणार?

दिवस एका चाकोरीत पडले. सकाळी इंदूबाई तिला आंघोळ घालत, वेणी घालत, चहा पाजत. जेवण मी भरवायचो. दुपारी दोन वाजता ती माझ्या टेबलापाशी येऊन बसायची, हात मांडीवर पांढऱ्या पंच्यावर ठेवलेले, आणि मी कच्चा मसुदा मोठ्याने वाचायचो. पूर्वी आपापसात लढणारे सरदार. त्यांतल्या एकाने बाप्तिस्मा घेऊन जॉर्ज हे नाव धारण केलं, १८४५ साली सगळी बेटं एका छत्राखाली आणली. १८६२ मध्ये रयतेला सरदारांच्या वेठीतून मोकळं केलं. १८७५ मध्ये संविधान दिलं आणि जमीन परक्याला विकायला कायमची बंदी केली.

इंदूबाई दारात उभ्या राहून ऐकत. "तिथं जमीन परक्याले इकताच येत नाही?"

"नाही."

"मंग आपल्यापक्षा बरं हाय त्याईचं," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

१९०० मध्ये इंग्रजांशी संरक्षणाचा तह झाला, पण राजा राजाच राहिला. आजूबाजूची सगळी बेटं कोणी ना कोणी गिळली, हे मात्र उरलं. मग राणी सालोते, सत्तेचाळीस वर्षं. लंडनला इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत भर पावसात टप न लावता उघड्या गाडीत बसून राहिली ती.

मी सालोतेवर होतो, तेव्हा मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला.

आमची मोरी स्वयंपाकघराच्या मागे, मागच्या अंगणाला लागून. एक तांब्या भरून ओतावा तसा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसरा तांब्या. घाई नव्हती त्यात. कोणीतरी नीट, अंगावरून, हात फिरवत पाणी घालत होतं.

"इंदूबाई!" मी हाक मारली.

"काय जी?" इंदूबाई पुढच्या ओसरीतून आल्या. त्यांचे हात कोरडे होते.

मी जाऊन पाहिलं. मोरीत कोणी नव्हतं. नळ बंद, बादली पालथी, आणि फरशी सगळी ओली. भोकाशी पाण्यात कापसाचा एक पुंजका अडकला होता. बोटाने उचलून मी तो खिडकीतून बाहेर टाकला. जिनाच्या आवारातून वाऱ्याने आला असेल, असं मी शुभदाला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

५

त्यानंतर रोज. दोन वाजता सुरू व्हायचं, चारला थांबायचं, म्हणजे आमच्या कामाच्या वेळातच. मी मोरीच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागलो. कडीने आवाज अडत नाही हे मला कळत होतं, पण लावल्यावर बरं वाटायचं. प्लंबर येऊन गेला. पाइपात हवा धरते म्हणाला. मी त्याला दुपारी दोनपर्यंत थांबवलं नाही. का नाही थांबवलं, ते त्याने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

नोव्हेंबरात टोंगाची राजधानी जळाली. लोकांना मताचा अधिकार हवा होता, सभागृह तारखा पुढे ढकलत होतं, आणि सोळा तारखेला नुकुआलोफाच्या बाजारपेठेचा मोठा भाग लोकांनी पेटवून दिला. त्याच आठवड्यात आमच्याकडे कापसाच्या गाड्या खरेदीकेंद्राबाहेर रात्रंदिवस रांगेत उभ्या होत्या. संपादकांचं पत्र आलं: दंगलीचा परिच्छेद घाला, शब्दमर्यादा तीच ठेवा, वीस डिसेंबरपर्यंत मुद्रणप्रत पोचती करा. शिवाय वर एक ओळ: प्रत सौ. शुभदाताईंच्या अक्षरातच असावी, छापखान्यातला जुळारी नवीन आहे.

बाराशे शब्दांत एक देश बसवायचा तर काहीतरी कापावं लागतं. मी निमा तापूचा परिच्छेद कापला. तळटीपेच्या लायकीची चाल आहे, असं स्वतःशी म्हटलं. खरं कारण असं की तो परिच्छेद शुभदासमोर मोठ्याने वाचायची माझी छाती नव्हती.

त्या दुपारी पाण्याचा आवाज चालू असताना मी वाचता वाचता थांबलो. सहन झालं नाही.

"ऐकू येतंय ना तुला?"

"हो."

"काय आहे ते?"

"तिची आंघोळ राहिली होती ना," शुभदा अगदी साधं बोलल्यासारखं म्हणाली. "ती पुरी करताहेत."

"कोण?"

तिने मांडीवरच्या हातांकडे हनुवटीने दाखवलं. "हे नुसते ठेवलेत इथे. माझे हात अजून तिच्याकडेच आहेत, अहो. पण येतील. शंभर भरले की येतील." आणि ती हसली, मला धीर द्यायला.

बाहेर उजेड लख्ख होता, रस्त्यावरून स्कूटर गेली. मला माझ्या बायकोची भीती वाटली, आणि भीती वाटल्याची शरम वाटली. मी तिला फार जपत होतो असं मला वाटत होतं, पण त्या दिवसापासून तिला भरवताना मी तिच्या हातांना माझा हात लागणार नाही, अशा बेताने बसायला लागलो.

६

अठरा डिसेंबर, सोमवार. मी सकाळपासून टेबल मांडून ठेवलं. कोरे कागद, समास आखलेले. तिचं पेन, शाई भरलेली. माझा मसुदा. वीसला प्रत पोचायची तर आज लिहून संध्याकाळच्या टपालात टाकायला हवी होती. पण हे मी प्रतीसाठी केलं असं कोणी म्हणू नये. मला माझी शुभदा परत हवी होती. शंभर दिवस मी वाट पाहिली होती.

दोन वाजता ती येऊन बसली. मोरीत पहिला तांब्या पडला.

"आज शंभर झाले," मी म्हटलं.

"उद्या."

"दहा सप्टेंबर पहिला. तिथून आज शंभरावा. दहावा, तेरावा आपण असाच मोजतो. गेल्याचा दिवस धरून."

"तो दिवस नाही धरायचा. तो मी अर्धवट टाकून आले."

"अर्धवट बिर्धवट काही नसतं. तारीख म्हणजे तारीख."

"एक दिवस, अहो. उद्या दुपारी चारला होईल पुरं. शंभर थांबलात, एक आणखी थांबा."

तिने एवढं शांतपणे सांगितलं नसतं तर कदाचित मी थांबलो असतो. पण तिचा तो समजुतीचा सूर, आणि आत ते पाणी, आणि समोर तो समास आखलेला कागद. माझं डोकं फिरलं. "मला तारखा शिकवू नकोस," मी ओरडलो. "चाळीस वर्षं तारखाच शिकवल्यात मी. हे सगळं नाटक आज बंद!"

आणि मी तिचा उजवा हात धरून उचलला.

हात गार होता, आणि ओला. नुकताच पाण्यातून काढावा तसा. मी त्यात पेन ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

मोरीत तांब्या खाली पडला. घरंगळत भिंतीपर्यंत गेला, मग सगळं थांबलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच चार वाजायच्या आत थांबलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. हातातली बोटं हलली. त्यांनी पेन घट्ट धरलं.

"लिही," मी म्हटलं. "टोंगा."

पेन मुठीत होतं. लाटणं धरतात तसं. ते थोडा वेळ कागदावर नुसतं उभं राहिलं आणि मग गळून पडलं. तिचा डावा हात आपल्या आपण पंच्यावरून उठला, अंगठा पुढे झाला, आणि कागदाच्या तळाशी, जिथे सही करतात तिथे, टेकला. दाबला. कोणीतरी धरून दाबून घ्यावं, तितका वेळ.

मी शुभदाकडे बघितलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली. "आता माझे हात कुठे येतील?"

संध्याकाळी इंदूबाई आल्या तेव्हा शुभदा पलंगावर बसली होती आणि तिचे हात गादीच्या उसवलेल्या शिवणीतून कापूस काढत होते. तीन बोटांनी चिमटीत धरायचा, मनगटाला झटका, पदरात टाकायचा. भराभर. इंदूबाई दारातच थबकल्या.

"जमनाबाई अशीच..." एवढंच त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "सर, हे आपल्या बाईचे हात नोहोत." चपला हातात घेऊन त्या निघून गेल्या.

७

दुसऱ्या दिवशी इंदूबाई आल्या नाहीत. स्वयंपाक शुभदाने केला. म्हणजे तिच्या हातांनी. ज्वारीची भाकरी थापत होते ते, पातळ, मोठी, एका लयीत. शुभदाला भाकरी कधी जमली नव्हती. ती चुलीसमोर मान एका बाजूला वळवून बसली होती. आपल्या हातांकडे तिला बघायचं नव्हतं.

मी स्वतःला समजावत होतो. हात चालायला लागले ना? मग झालं. शंभर दिवस निपचित पडलेले हात आधी बेढब चालणारच. अक्षर परत येईल. सवय लागेल. माणसाला कशाचीही लागते.

दोनला मोरीत पाणी वाजलं. ऐकून मी जवळजवळ सुटल्यासारखा झालो. रोजच्यासारखंच संथ, एक तांब्या, मग दुसरा. चार वाजेपर्यंत मी घड्याळासमोर बसलो. चारला पाणी थांबलं. कोणीतरी काम उरकून हात झटकावेत तसे चार थेंब फरशीवर पडले. मग काचेच्या बांगड्या वाजल्या.

शुभदाच्या मनगटांत बांगड्या होत्या, मला दिसत होत्या. त्या हलल्या नव्हत्या.

बांगड्यांचा आवाज मोरीतून दारापर्यंत आला. दाराच्या फळीवर आतून काहीतरी चाचपडू लागलं. बोटं, ओली. वरून खाली, मग कडीच्या उंचीवर येऊन थांबली. त्यांना ठाऊक होतं कडी कुठे आहे. तीस वर्षं ते दार त्यांनीच उघडलं होतं. फटीतून पाण्याची रेघ बाहेर आली. मी खाली वाकलो, आणि दाराखालच्या बोटभर फटीत चार नखं दिसली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा होता.

मी कडीला हात घातला.

"उघडा," शुभदा मागून म्हणाली. ती उठून आली होती. "अहो, उघडा ना. ते माझे आहेत."

"आणि हे?" मी विचारलं. "हे कुठे जातील?"

  तिचा उजवा हात पुढे आला आणि त्याने माझं मनगट धरलं. कापसाची गाठोडी उचललेल्या हाताची पकड होती ती. दुखवत नव्हता तो मला. धरून होता फक्त. आजवर त्याला कोणी घरात घेतलं नव्हतं, आणि आता तो जाणार नव्हता. डाव्या हातात भाकरीचा तुकडा होता, तिखटाला लावलेला. तो माझ्या तोंडाशी आला.

दारामागे नखं फळीवर ओरखडत राहिली, जोरात नाही, नीट विचारल्यासारखी.

"उघडा हो," शुभदा रडत म्हणाली, आणि तिच्या हाताने घास माझ्या ओठांना टेकवला.

भ्यालो होतो मी. दुसरं काही कारण नव्हतं. मी कडीवरचा हात काढला आणि तोंड उघडलं.